कॅलिस्टोवरचं ऊन

गुरूच्या कॅलिस्टो या उपग्रहाचा एक फोटो आहे. गॅलिलिओ यानानं तो २५ मे २००१ रोजी काढला, जमिनीपासून जेमतेम १३८ किलोमीटरवरून जाताना. गुरूच्या कुठल्याच उपग्रहाचं इतकं बारीक चित्र तोवर कुणाच्या हाती आलं नव्हतं. साधारण तीन मीटरची वस्तू त्यात, ठिपक्याएवढी का होईना, दिसते. तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली त्याचं कारण मात्र खगोलशास्त्र नाही. त्याच सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि आमच्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. नागपुरातल्या माणसाला २५ मे वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही, ती अंगावरच येते.

फोटोत सुळके आहेत. शेकड्यांनी. ८० ते १०० मीटर उंचीचे, एकमेकांपासून सुटे, ना रांग ना दिशा. माथे पांढरे, कारण तिथे बर्फ आहे. उतारावर तो पांढरा रंग मळत जातो आणि पायथ्याशी, दोन सुळक्यांच्या मधल्या खोलगट जागेत, काळी धूळ बसलेली आहे. ती वरून घसरत येऊन तिथे साचली असावी हे चित्र पाहूनच पटतं. कॅलिस्टोचं नाव निघालं की पुस्तकं एकच गोष्ट सांगतात: सूर्यमालेत विवरांनी सर्वांत गच्च भरलेली जमीन इथली. आणि या सुळक्यांच्या गर्दीत नेमकी विवरंच शोधावी लागतात.

माझं सगळं आयुष्य जमिनीचे नकाशे पाहण्यात गेलं, म्हणून असेल, पण हा विरोधाभास मला सोडवत नाही. मी सरकारी नोकरीत अनुरेखक होते. जुने गावनकाशे, एका मैलाला सोळा इंच या मापाचे, फाटायला आलेले. त्यांवर ट्रेसिंग क्लॉथ अंथरायचं आणि शाईनं एकेक धुरा, एकेक पांदण, नाला, विहीर उतरवून घ्यायची. ट्रेसिंग क्लॉथला खळ असते. घामाचा एक थेंब पडला की तिथली खळ विरते, कापड सुरकुततं आणि शाई फुटते. म्हणून मे महिन्यात आम्ही मनगटाखाली टॉवेलची घडी ठेवून काम करायचो. पंखा मोठा करावा तर नकाशे उडतात. कूलरची हवा तर या कामाला शत्रूच, कारण ती ओली. तेव्हा खोलीभर लोक वाळ्याच्या ताट्यांचा गारवा घेत असताना आमचं टेबल कोपऱ्यात, कोरड्या जागी.

त्या नोकरीनं एक सवय लावली. उठावाचं कुठलंही चित्र हातात आलं की आधी उजेड कोणत्या बाजूनं पडतोय ते पाहायचं. नकाशात डोंगरांना छाया देताना ऊन वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून येतंय असं मानतात. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यातली संध्याकाळ सोडली तर सूर्य कधी वायव्येला दिसत नाही, तरी जगभर हीच रीत चालते, कारण डोळ्याला उजेड वरूनच यायची सवय आहे. चित्रात तो खालून आला की डोळा फसतो. खड्डा उंचवटा वाटतो, उंचवटा खड्डा.

विवरांच्या फोटोंमध्ये हे हमखास होतं. भाचा घरी आला होता तेव्हा त्याच्या मोबाइलवर आम्ही कॅलिस्टोचेच दुसरे फोटो पाहत होतो. तो म्हणाला, "मावशी, हे तर सगळे टेकडेच दिसून राहिले. विवरं कुठी हाय?" मी म्हटलं, फोन उलटा धर. त्यानं धरला, तर चित्रही फिरून पुन्हा होतं तसंच झालं. मग ते ऑटो-रोटेट बंद करणं आलं. ते झाल्यावर फोन उलटा केला आणि बघता बघता सगळ्या टेकड्या आत बसल्या. एकाला लागून एक, एकाच्या पोटात दुसरं, काठावर तिसरं. "हौ ना मावशी!" म्हणून तो बराच वेळ फोन उलटसुलट करत बसला. इंजिनियरिंगला आहे, पण असली मजा त्याला अजून येते हे चांगलं लक्षण.

ती विवरं मोठी होती, कित्येक किलोमीटर रुंदीची. तशी विवरं पहिल्यांदा नीट दिसली ती १९७९ मध्ये, मार्चमध्ये व्हॉयेजर १ आणि जुलैमध्ये व्हॉयेजर २ गुरूजवळून गेलं तेव्हा. जमीन इतकी भरलेली की नवं विवर पडायचं तर जुनं एखादं पुसल्याशिवाय जागा नाही. यावरून वय काढतात. जमीन सुमारे ४०० कोटी वर्षं जुनी, जवळजवळ सूर्यमालेएवढी. कॅलिस्टोचा व्यास ४,८२० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहाहून किंचितच लहान. एवढा मोठा गोल, पण त्यावर ना ज्वालामुखी, ना घड्यांचे पर्वत, ना गुरूच्याच युरोपा या उपग्रहासारखे बर्फाचे तुकडे सरकून पडलेल्या भेगा. आतून काही वर आलं नाही. जे घडलं ते वरून पडलं.

आता नकाशा करणाऱ्याच्या नजरेनं विचार करा. मोठ्या मापाचा नकाशा लहान मापावर उतरवताना आपण बारीक खुणा गाळतो. विहिरी जातात, पायवाटा जातात, नाला राहतो. उलट लहानाकडून मोठ्या मापाकडे गेलं की गाळलेलं सगळं परत दिसलं पाहिजे. व्हॉयेजरच्या चित्रांत एक ठिपका म्हणजे किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त जमीन, तेव्हा बारीक विवरं त्यात दिसायची नाहीतच. पण असणार, खात्रीनं असणार, कारण अवकाशात मोठ्या दगडांपेक्षा लहान दगड कितीतरी जास्त. आपल्या चंद्रावर जितकं जवळ जावं तितकी बारीक विवरं वाढत जातात. मग ४०० कोटी वर्षं उघड्यावर पडलेल्या कॅलिस्टोवर तर पाय ठेवायला जागा नसावी.

गॅलिलिओ यान ७ डिसेंबर १९९५ ला गुरूपाशी पोचलं, आणि त्याची चित्रं येऊ लागली तशी ही अपेक्षा बिघडली. साधारण एक किलोमीटरच्या खाली विवरांची संख्या कमी पडायला लागते. व्हायला हवी होती त्यापेक्षा खूपच कमी. त्यांच्या जागी काळपट, मऊसर, काहीतरी पांघरल्यासारखी जमीन आणि तिच्यातून वर आलेली बर्फाची टेंगळं.

या चित्रांमागची हिकमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गॅलिलिओचा मुख्य अँटेना १९९१ मध्ये, गुरूच्या वाटेवर असतानाच, उघडायच्या वेळी अर्धवट उघडून अडकला. तो पुढे कधीच उघडला नाही. त्यातून सेकंदाला १,३४,००० बिट्स यायचे होते. उरलेल्या लहान अँटेनातून, सगळी अक्कल पणाला लावून, जास्तीत जास्त १६० च्या आसपास मिळू लागले. फोटो टेपवर साठवायचे, आकुंचित करायचे आणि थेंबथेंब पाठवायचे. त्यामुळे कोणता फोटो घ्यायचा आणि कोणता सोडायचा यावर फार विचार झाला, आणि अगदी जवळून पाहिलेले कॅलिस्टोचे तुकडे मोजकेच राहिले. ज्या जमिनीबद्दल मी एवढं बोलते आहे तिचा अगदी चिमूटभर भागच कुणी जवळून पाहिला आहे, हे ध्यानात असू द्या.

मग बारीक विवरं गेली कुठे? पुसली कुणी? वारा नाही. कार्बन डायऑक्साइडचं अगदी विरळ आवरण आहे, त्यात धुळीचा कणही हलायचा नाही. पाऊस नाही, नद्या नाहीत. आपल्याकडे जमीन झिजवणारे जे जे कोणी आहेत त्यांपैकी तिथे एकच हजर आहे. ऊन.

कपाटातली डांबरगोळी आठवा. शालूच्या घडीत ठेवलेली गोळी पुढच्या लग्नसराईपर्यंत अर्धी होते, पण साडी कुठे ओली होत नाही. घनातून थेट वायू, मधलं पाणी होणं नाही. शाळेत याला संप्लवन म्हणत. कॅलिस्टोच्या जमिनीतला बर्फ तसाच जातो, पाण्याचा बर्फ आणि बहुधा त्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइडही. फरक एवढा की ही गोळी शुद्ध नाही. तिच्यात दगडाची पूड कालवलेली आहे. बर्फ उडून जातो, पूड जागच्या जागी राहते. विवराचा काठ म्हणजे बर्फानं एकत्र धरून ठेवलेली माती. धरणारा गेला की काठ भुसभुशीत होतो, ढासळतो, उतारानं खाली येतो. लहान विवराचा काठ मुळातच बुटका, तो लवकर सपाट होतो. मोठ्याचा काठ टिकतो, पण तोही अखंड राहत नाही, जागोजागी तुटून सुट्या टेकाडांची माळ उरते.

इथे नागपूरकर हसेल. कारण हे "ऊन" म्हणजे किती? कॅलिस्टोवर ऐन दुपारी सुमारे उणे १०८ अंश सेल्सिअस. रात्री उणे १९३. सूर्य आपल्यापेक्षा पाचपट लांब, त्यामुळे तिथे पोचणारं ऊन आपल्या सत्ताविसाव्या भागाएवढं. आम्ही २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेली माणसं. दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या नळाला हात लावता येत नाही, तर्री पोह्याचे ठेले सकाळीच आटोपतात, रस्त्यावर माणूस दिसला तर तो दुपट्टा बांधलेला. आम्हाला उणे १०८ चं ऊन काय सांगता!

पण अंशांचा हिशोब इथे कामाचा नाही. जमीन कशाची आहे त्यावर सगळं. आमच्या भागातली काळी माती घ्या. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात आत जावा. हद्दीचे दगड वर्षानुवर्षं या फुगण्या-आकसण्यात कलतात, खचतात, आणि मग दोन शेजाऱ्यांत धुऱ्याचं भांडण उभं राहतं. मोजणीला गेलेल्या आमच्या माणसांनी असे कललेले दगड किती पाहिले असतील! कुणी हलवला म्हणून एकमेकांवर आळ, आणि करणारी निम्म्या वेळा नुसती माती. पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे, तेच ऊन तेवढंच तापतं, पण तिथला खडक वेगळा, माती वेगळी, भेगांची तऱ्हा वेगळी. कॅलिस्टोवर जमीन बर्फाची. तिथे उणे १०८ हाच तिचा नवतपा. आणि योगायोग असा की कॅलिस्टो गुरूभोवती एक फेरी १६.७ दिवसांत घेतो, सतत एकच बाजू गुरूकडे ठेवून, म्हणून त्याचा दिवसही तेवढाच लांब. कुठल्याही जागी सलग आठ दिवसांहून जास्त ऊन, मग तेवढीच रात्र. नवातला एक दिवस कमी.

काळ्या-पांढऱ्याची वाटणीही या उन्हाचीच. काळी धूळ जास्त तापते, तिच्यालगतचा बर्फ आणखी उडतो, धूळ आणखी वाढते. उडालेली वाफ कुठेतरी बसणार, ती बसते थंड जागी, म्हणजे जिथे आधीच पांढरं आहे तिथे, माथ्यांवर. काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं. शनीचा आयापेटस हा याच खेळाचा टोकाचा नमुना. १६७१ मध्ये कॅसिनीनं तो शोधला तेव्हा शनीच्या एका बाजूला दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला गेला की गायब व्हायचा, कारण त्याचा एक अर्धा डांबरासारखा काळा आणि दुसरा बर्फासारखा. तिथे सुरुवातीची काळी धूळ बाहेरून, फीबी या दुसऱ्या उपग्रहाकडून आली असं मानतात. पुढचं काम उन्हानं केलं.

सुळक्यांचं काय होणार? ते बहुधा कुठल्यातरी प्रचंड आघातात उडालेल्या मलब्याचे अवशेष. ती जागा अ‍ॅसगार्ड नावाच्या मोठ्या आघातखोऱ्याच्या दक्षिणेला आहे. ते झिजतच जातील आणि शेवटी सपाट काळं मैदान राहील. त्या मैदानाचा नमुनाही त्याच वेळच्या चित्रांत आहे, आणि मला तो सुळक्यांपेक्षा जास्त विचार करायला लावतो. तिथे सुळके जवळजवळ संपलेत, आणि लहान विवरं पुन्हा दिसायला लागलीत! म्हणजे उडण्याजोगा बर्फ वरच्या थरातून संपला, उरलेल्या बर्फावर धुळीचं जाड पांघरूण आलं, ऊन खालपर्यंत पोचेना, झीज थांबली. त्यानंतर जे दगड पडले त्यांच्या खुणा टिकल्या. बारीक विवरं नसलेली जमीन अजून झिजते आहे आणि असलेली झिजून बसली आहे, हे एकदा कळलं की तोच फोटो वेगळ्या क्रमानं वाचता येतो. नवं काय नि जुनं काय, हे ठरवायचा नेहमीचा नियम, जास्त विवरं म्हणजे जास्त वय, इथे किलोमीटरच्या खाली जपून वापरावा लागतो.

मोठ्या मापावर मात्र तो नियम खणखणीत आहे. वल्हाला पाहा. कॅलिस्टोवरचं सगळ्यात मोठं आघातखोरं. मधोमध उजळ भाग आणि त्याच्याभोवती एकात एक कडी, केंद्रापासून सुमारे १,९०० किलोमीटरपर्यंत. आकडा वाचून काही बोध होत नाही, म्हणून मी ॲटलास काढला, कंपासचं टोक नागपूरच्या झिरो माइलवर ठेवलं आणि तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं. कोलंबो आत आलं. ल्हासा आत आलं. काबूल आत आलं. पूर्वेला रंगून काठावर, जेमतेम आत. कन्याकुमारी ते काश्मीर अख्खं पोटात घालून वर जागा उरते. (झिरो माइल म्हणजे देशाचा मध्यबिंदू, हे नागपुरात रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे सांगतात. खरं तर तो भूमापनवाल्यांचा उंचीचा दगड आहे, १९०७ चा. शेजारच्या खांबावर कवर्धा, चांदा, हैदराबाद, जबलपूर अशी अंतरं कोरलीत. आमच्या खात्याच्या माणसाला तेवढंही पुरेसं अभिमानाचं.) एक दगड पडला आणि रंगूनपासून पार काबूलपलीकडे कडी उठली, हा विचार त्या वर्तुळाकडे पाहून होतो, आकड्याकडे पाहून होत नाही. गंमत म्हणजे ही कडी आज उंच नाहीत. बर्फाळ कवच अब्जावधी वर्षांत हळूहळू बसलं, खोरं जवळजवळ सपाट झालं, नुसती आखणी राहिली.

दुसऱ्या टोकाचं माप विदर्भातच आहे. समृद्धीनं मेहकरला उतरलं की लोणार. सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल, काठ आसपासच्या शिवारापेक्षा वीसेक मीटर उंच. वय साधारण ५ लाख ७० हजार वर्षं निघालंय. बसाल्टमध्ये आघातानं झालेली आणि अशी सुस्थितीत राहिलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी, म्हणून जगभरचे लोक तिथे येतात. कॅलिस्टोवर लोणार काठावरचंच प्रकरण ठरलं असतं: याच्या थोडं खाली गेलं की विवरं दुर्मीळ व्हायला लागतात. लोणारच्या काठावर उभं राहून मी खाली कमळजा देवीच्या देवळाकडे आणि त्या हिरवट पाण्याकडे पाहत होते तेव्हा शेजारचा एक माणूस पोराला सांगत होता, "हे कदीच बुजणार नाई." बुजतंय. झरे, पाऊस आणि उतारावरची माती रोज थोडं थोडं आत आणून टाकतात.

कॅलिस्टोचं कौतुक करणारे कमी. गुरूच्या बाकीच्या तीन मोठ्या उपग्रहांकडे काहीतरी आहे: आयोवर ज्वालामुखी, युरोपाखाली समुद्र, गॅनिमीडला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र. त्या तिघांच्या फेऱ्या एका ठेक्यात बसलेल्या आहेत, एक-दोन-चार अशा, आणि त्या ठेक्यामुळे गुरूची ओढ त्यांना आतून तापवत राहते. चौथा, कॅलिस्टो, या ठेक्याबाहेर, सुमारे १८ लाख ८० हजार किलोमीटरवर. त्यामुळे आतून तापणं नाही, म्हणूनच वर काही उलथापालथ नाही. समुद्र कदाचित यालाही असेल. गॅलिलिओच्या चुंबकमापकानं तसा इशारा दिला आणि वल्हालाच्या बरोबर विरुद्ध बाजूची जमीन एवढ्या धक्क्यानं विस्कटलेली दिसत नाही, तेव्हा मध्ये काहीतरी धक्का झेलणारं असावं असंही काहींनी मांडलं. मला समुद्राचं फारसं अप्रूप नाही. समुद्र सगळ्यांनाच असल्याचं हल्ली निघतंय.

लांब असल्याचा एक फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. गुरूभोवतीचा किरणोत्सर्ग आयोवर दिवसाला सुमारे ३,६०० रेम (रेम हे शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप), युरोपावर ५४०, गॅनिमीडवर ८ आणि कॅलिस्टोवर ०.०१. पहिल्या दोन ठिकाणी माणूस टिकायचा नाही. म्हणून २००३ मध्ये नासाच्या लोकांनी गुरूकडे माणूस पाठवायचा कागदी आराखडा केला तेव्हा उतरायची जागा कॅलिस्टो निवडली. ज्याला रटाळ म्हणून बाजूला ठेवलं होतं त्याच्याच दारात मुक्काम.

पाहायला तो अवघड नाही, आणि हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. साधी दुर्बीण पुरते, पक्षी पाहायची असते तीच. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवायचे, नाहीतर गुरू डोळ्यांसमोर नाचत राहतो. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतात, १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला दिसले तेच. त्यात सर्वांत लांब जाणारा कॅलिस्टो. कधीकधी पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा दूर जातो, इतका की नवख्याला तो गुरूचा वाटतच नाही, एखादा तारा वाटतो. नागपुरातून दिसतो. फुटाळा तलावाकाठच्या दिव्यांकडे पाठ केली तर आणखी बरा दिसतो. आणि ज्याला खरं आकाश पाहायचं असेल त्यानं पेंचला जावं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघासाठी जाणारे लोक रात्री मान वर करतील का, ही वेगळी गोष्ट. भाच्याला मी ठिपका दाखवला तेव्हा तो म्हणाला, "एवढासा? अन् तू त्याच्यावरचे शंभर मीटरचे टेकडे मोजून राहिली?"

आता जूस. युरोपियन अवकाश संस्थेचं हे यान १४ एप्रिल २०२३ ला निघालं, २०३१ च्या जुलैत गुरूपाशी पोचायचं आहे आणि त्यात कॅलिस्टोजवळून २१ फेऱ्या आहेत. यातल्या बऱ्याच फेऱ्या कॅलिस्टोच्या ओढीवर यानाची कक्षा वळवून घेण्यासाठी आहेत. मुख्य मुक्काम गॅनिमीड. चालेल. वळण घेताना का होईना, कॅमेरे सुरू असतील. मोजणीत चार प्लॉट पाहून सबंध गावाचा नकाशा काढत नाहीत, आणि कॅलिस्टोच्या बाबतीत आजवर आपण नेमकं तेच केलंय. सुळके सगळीकडे आहेत की फक्त मोठ्या आघातांच्या आसपास? काळी मैदानं किती, आणि त्यांवर किलोमीटरखालची विवरं किती? विषुववृत्तावर, जिथे ऊन जास्त, तिथे झीज ध्रुवांपेक्षा पुढे गेलेली आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सगळं उन्हाचंच काम असेल तर उत्तर अक्षांशाप्रमाणे बदललं पाहिजे.

जूसवर बर्फाच्या आत ९ किलोमीटरपर्यंत पाहणारं एक रडारही आहे, राइम नावाचं, १६ मीटर लांबीच्या अँटेनाचं. यान निघाल्यावर हाही अँटेना अडकला. एक बारीकशी खुंटी सुटेना. गॅलिलिओचं सगळं पुन्हा होतं की काय अशी वेळ. मग त्यांनी यान हलवून पाहिलं, आणि अँटेना सूर्याकडे वळवून उन्हात तापवला. तीनेक आठवडे खटपट चालली. शेवटी १२ मे रोजी शेजारच्या एका यंत्रणेचा हलकासा धक्का दिल्यावर खुंटी सुटली.